रेडिओसमोरचे तेरा तास

“मॅडम, तुम्ही फक्त हो की नाही सांगा. बाबा मशीन लावतात की नाही?”

वैशालीने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नव्हती. ऑफिसात अर्धी रजा टाकून ती बदलापूरहून आली होती. शेजारच्या खुर्चीत तिचे वडील, परबकाका, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दोन्ही कानांमागे मशीन आणि चेहऱ्यावर पेपर सोपा गेलेल्या मुलाचं समाधान.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. माणसाला किती ऐकू येतं ते मोजायचं आणि गरज असेल तर श्रवणयंत्र बसवायचं, हे माझं काम. घाटकोपरला एका फरसाणच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर माझं क्लिनिक आहे. इथे श्रवणयंत्र कोणी म्हणत नाही. सगळे मशीन म्हणतात, म्हणून मीही मशीनच म्हणते.

प्रश्न नुसत्या मशीनचा नव्हता. पत्नी गेल्यापासून काका एकटे राहत होते. काही महिन्यांपूर्वी ते कुकर गॅसवर ठेवून पेपर वाचत बसले. शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या, शेजाऱ्यांनी दारावर थापा मारल्या, काकांना पत्ता नाही. करपल्याचा वास आला तेव्हा ते उठले. त्या दिवशी वैशालीने निकाल देऊन टाकला. बाबा मशीन लावणार असतील तर घाटकोपरला राहतील, नाहीतर तिच्याकडे बदलापूरला. आणि काकांचा घाटकोपर सोडायला साफ नकार होता.

“आत्ता सांगते,” मी म्हटलं आणि मशीन कॉम्प्युटरला जोडलं.

आजकालच्या मशीनमध्ये डेटा लॉगिंग असतं. म्हणजे मशीन दिवसाला किती तास चालू होतं आणि आजूबाजूला कसले आवाज होते, याची नोंद ते स्वतःच ठेवतं. स्क्रीनवर आलं, रोज सरासरी तेरा तास. माझे निम्मे पेशंट चार तासांतच कंटाळतात.

“शाब्बास काका! तेरा तास!”

वैशालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. काका विनयाने फरशीकडे बघत राहिले.

तिथेच फाइल बंद केली असती तर बरं झालं असतं. पण मला पुढचं पान उघडायची खोड आहे. ते आवाजांचं पान. बोलणं भरपूर, संगीत भरपूर, शांतता थोडी. गोंगाट शून्य.

मशीन नेऊन दीड महिना झाला होता, आणि घाटकोपरमध्ये राहून गोंगाट शून्य! माझ्या खिडकीखाली रिक्षावाले कारण नसतानाही हॉर्न वाजवतात. मी वैशालीला म्हटलं, “तू जरा बाहेर बस. मला कान तपासायचेत.”

कान तपासायची गरजच नव्हती. मशीनचा जो प्लॅस्टिकचा तुकडा कानात बसतो तो दुकानातून आल्यासारखा लख्ख होता. मळाचा कण नाही. मी काकांच्या समोर बसले.

“काका, मशीन दिवसभर कुठे असतं?”

“कानात.”

“काका.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “रेडिओसमोर,” ते म्हणाले. “सकाळी उठलो की चालू करतो, ठेवतो रेडिओसमोर. झोपताना बंद. बॅटरी संपली की बदलतो. एक दिवस चुकवला नाय.”

“पण हे कोणी सुचवलं तुम्हाला?”

“तुम्हीच. पहिल्या दिवशी म्हणालात ना, मशीन तासांची चुगली करतं म्हणून.”

मी म्हणाले होते खरी. पेशंटने आळस करू नये म्हणून मी सगळ्यांनाच तो दम भरते. मला हसूही येत होतं आणि रागही आला होता.

“अहो, मग कानात घालायला काय होतं? दुखतं?”

“नाय.”

“शिटी मारतं?”

“नाय हो. झकास ऐकू येतं.”

“मग?”

“माका सांगूक लाज वाटता,” ते हळूच म्हणाले. “मशीन घातलं की माझे दोस्त माझ्याशी बोलत नाहीत.”

मला वाटलं, दोस्त चिडवत असतील. मी माझं ठरलेलं भाषण सुरू केलं. चष्म्याची लाज वाटते का, मग मशीनची का वाटावी, वगैरे. काकांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तसं नाय ते. तुम्ही एकदा या आणि बघा.”

बाहेर येऊन मी वैशालीला म्हटलं, “मला आठ दिवस दे. एक गोष्ट तपासायची राहिलीय.”

“पण तेरा तास म्हणालात ना?”

“आठ दिवस,” मी म्हटलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लिनिक बंद करून मी गेले. काकांच्या बिल्डिंगमागे पत्र्याची शेड आहे. तिथे चार म्हातारे रोज कॅरम खेळतात. चौघेही एकाच मिलमधल्या साचेखात्यातले. साचे म्हणजे कापड विणायचे माग. त्यांच्या खडखडाटात चौघांचेही कान गेले होते, पण तपासले होते फक्त काकांनी, तेही मुलीच्या धाकाने.

काकांनी माझ्यादेखत मशीन घातलं आणि समोरच्या कांबळ्यांना काहीतरी सांगू लागले.

“काय?” कांबळे म्हणाले.

काकांनी परत सांगितलं.

“काय पुटपुटतोस रे? तोंड उघड ना!”

तिसऱ्यांदा कांबळ्यांनी हात झटकला आणि ते दुसरीकडे वळले. पाच मिनिटं काकांशी कोणी एक शब्द बोललं नाही. आपण तिथे नसल्यासारखे काका सोंगट्या लावत बसले. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी गुपचूप मशीन काढून खिशात टाकलं, आणि तीच गोष्ट पुन्हा सांगितली. ह्या वेळी घसा मोकळा सोडून, जबडा चांगला हलवून, हातवारे करत. तिघेही खो खो हसायला लागले.

मी कांबळ्यांना विचारलं तेव्हा त्यांची नजर माझ्या ओठांवर होती.

“मॅडम, खात्यात साचे सुरू झाले की कोणाच्या बापाला ऐकू यायचं नाही. आम्ही तोंडं बघून बोलायचो. ह्या परब्याचं तोंड तर एक नंबर, पार टोकावरून वाचता यायचं. आणि आता ते मशीन घातलं की ह्याचे ओठच हलत नाहीत. वाट लावलीत तुम्ही त्याची.”

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर माणूस मोठ्याने आणि तोंड उघडून बोलतो. मशीन घातलं की तोच आवाज कानात घुमतो आणि माणूस आपोआप हळू बोलतो. घरचे खूश होतात, बाबा ओरडायचे थांबले म्हणून. पण ज्यांना ओठच वाचायचे आहेत त्यांच्यासाठी तो गप्पच बसलेला असतो. इतकी वर्षं मशीन बसवतेय, पण हा माणूस रोज बोलतो कोणाशी, हे मी विचारलंच नव्हतं.

सवयीने मी आधी मशीनवरच उपाय केला. आवाज कमी केला. काका मोठ्याने बोलू लागले, पण दारावरची बेल ऐकू येईना. परत वाढवला.

“ते सोडा आमच्यावर,” कांबळे म्हणाले. “पुटपुटला की बोर्डावर थाप मारणार. येईल वळणावर.”

आठाचे पंधरा दिवस झाले. वैशालीचे दोन फोन येऊन गेले. कांबळ्यांची थाप ऐन नेम धरताना पडते, अशी काकांची तक्रार आली. पण मशीन कानात होतं, आणि दोस्त बोलत होते.

बापलेक परत आले तेव्हा मी लॉग उघडला. रोज सहा तास. गोंगाट भरपूर. मला आनंद झाला आणि वैशालीचा चेहरा पडला.

“आधी तेरा आणि आता सहाच? म्हणजे लावणं कमी झालं?”

मी मशीन काकांच्या कानांत परत बसवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. हे मी सांगायचं नव्हतं.

“ते तेरा तास रेडिओचे होते,” काका म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

वैशाली उठली आणि त्यांच्या खुर्चीमागे खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मला वाटलं, संपलं, गेले काका बदलापूरला. बाहेर बघत, स्वतःशीच बोलावं इतक्या हळू आवाजात ती म्हणाली, “बाबा, मला खोटं का सांगितलंत?”

काकांनी मान वळवली नाही. “तू घेऊन गेली असतीस म्हणून.”

वैशाली गर्रकन वळली. काकांची तिच्याकडे पाठ होती. आपल्याला उत्तर मिळालंय हे तिला कळायला एक क्षण लागला.

“कुकर ठेवून पेपर वाचायचा नाही,” ती शेवटी म्हणाली.

“नाय वाचणार.”

बदलापूरचा विषय निघाला नाही. पुढच्या आठवड्यात कांबळे स्वतःहून कान तपासायला आले.

लॉग मी अजूनही बघते, पण नंतर. आधी विचारते, रोज गप्पा कोणाशी मारता? जे नाव येईल त्याला पुढच्या वेळी सोबत घेऊन या म्हणते. वेटिंग रूममध्ये आता खुर्च्या कमी पडतात.