आप्पांनी चालत नेलेला निरोप

माहेरी वैशाखऱ्याला होते मी. सकाळी भाकऱ्या थापत होते आणि दारात मोटारसायकल थांबली. किन्हवलीजवळच्या आमच्या सासरगावचा सुरेशदादा! एवढ्या लांब हा कशाला आला, म्हणून पिठाच्या हातांनीच बाहेर आले. त्यानं पाणी मागितलं, मला बसवलं, शेजारी बसला. "वयनी, आप्पा गेले..." त्याच्या खिशात मोबाइल होता, त्यात माझा नंबरही होता.

महिना झाला त्याला. आप्पा माझे सासरे. लग्न होऊन आले त्या आठवड्यातच म्हणाले होते, "डोक्यावरचा पदर काढ गो. पदर सांभाळशील का फोन उचलशील?" तालुक्याला नोकरी असल्यानं गावातला पहिला फोन त्यांनी आमच्या वस्तीत आणला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. अख्ख्या गावाचे फोन आमच्याकडं यायचे. माणसं यायची, खुर्चीत बसायची, चहा प्यायची. मी कुरकुरायची, "आप्पा, हे घर हाय का हाटेल?" ते मिशीत हसायचे. "येऊ दे गो. यांच्या ओटीवर माझा बाप कधी चढला नाय. आता ते आपल्यात येतात. साखर जास्त घाल."

एका दुपारी फोन मी उचलला. वरच्या आळीतल्या नानांची, म्हणजे सुरेशच्या वडलांची, मुरबाडला दिलेली लेक बाळंतपणात गेली होती. पायात चपला सरकवल्या आणि नानांकडं निघाले.

"थांब! सांगावा आपल्या घरातून जानार नाय!"

कधी आवाज न चढवणारा माणूस ओरडला. मी उंबऱ्यातच थिजले. मग खाली बसून त्यांनी सांगितलं. गावात मयत झालं की सांगावा पोचवायचं काम त्यांच्या बापावर. ऊन असो, पाऊस असो, गावोगाव पायी जायचं. अंगणाबाहेर उभं राहून जोहार घालायचा, तिथूनच ओरडून सांगायचं आणि वरून टाकलेली भाकरी घेऊन परतायचं. आमच्या माणसांनी धम्म घेतला तेव्हा आप्पा दहा-बारा वर्षांचे. वस्तीनं ते काम सोडलं. सांगावा नेताना हातात असायची ती काठी बापानं चुलीत घातली. "जळताना पायलीय मी ती," आप्पा म्हणाले.

"मग नानांनाच बोलवू का इकडं?"

"आन् काय सांगू? चहा घे, तुझी लेक गेली?"

मग आप्पा उठले, पांढरा सदरा घातला आणि निघाले. मी मागोमाग. नानांच्या अंगणाशी त्यांचे पाय थबकले. मला वाटलं, आता परत फिरतील. पण ते सरळ ओटी चढून आत गेले, खाटेवर नानांच्या शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. "नाना, आपली मुरबाडची पोर गेली." नाना त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ढसाढसा रडले. कॉलेजात जाणारा सुरेश दाराशी उभा राहून बघत होता.

परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "बापाला बस म्हनून कुनी सांगितलं नाय गो कधी."

पुढं घरोघरी मोबाइल आले आणि आमची खुर्ची ओस पडली. माणसं "एक्स्पायर झाले" म्हणायला लागली. आप्पा वैतागायचे, "औषध एक्स्पायर होतं रे, मानूस जातो!" नव्या गोष्टींचा राग मात्र नव्हता त्यांना. जोहार ऐकत वाढलेला हा माणूस नातवाला "जयभीम, गुड मॉर्निंग" एका दमात म्हणायचा. असा सासरा मिळाला, हे माझं नशीबच म्हणायचं.

फोन अजून कोपऱ्यात आहे, विणलेल्या रुमालाखाली. लाइन कधीच बंद झाली. परवा सुरेश आला, तो सवयीनं त्याच खुर्चीत बसला. मी विचारलं, "दादा, त्या दिवशी नुसता फोन का नाय केलास? एवढ्या लांब आलास."

"वयनी, आप्पा आमच्या खाटेवर येऊन बसले होते. आन् मी नंबर दाबू?"

मी उठले. आत जाऊन चहा ठेवला. साखर जास्त घातली.