फ्रिजवरचं गप्पांचं गाव

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. पण हे माझ्याच स्वयंपाकघरात झालंय... म्हणून लिहितेय.

२०१५ साल. सिंगापूरच्या पुंगोल भागात अकराव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. माझे सासरे — बाबा — साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आलेले. आम्ही दोघं नवरा-बायको ऑफिसला, आमची लेक सई शाळेत, दिवसभर बोलायला माणूस नाही. "सूनबाई, माझं तिकीट काढा. इथे मी मुका होईन!" सईला तर आजोबा हवेच होते. तिकिटाचं नाव निघालं की ती भोकाड पसरायची, आणि माझाही जीव तुटायचा.

त्या आठवड्यात सईने लायब्ररीतून एक पुस्तक आणलं. अमेरिकेतल्या एका बेटावरची इंग्रजांची वस्ती म्हणे गायब झाली, मागे खांबावर एकच शब्द कोरलेला — CROATOAN.

"आजोबा, क्रोएटन म्हणजे तिथले शेजारचे लोक. त्या नावाचा अर्थ बहुतेक 'टॉक टाउन'!"

"म्हणजे गप्पांचं गाव," बाबा म्हणाले. "मग तिकडेच गेले असणार. मीही गेलो असतो."

शनिवारी दुपारी मी आणि सई लिटिल इंडियातून भाजी घेऊन आलो, तर बाबा घरात नाहीत! फोन टेबलावरच. तेवढ्यात सई किंचाळली, "मम्मी, फ्रिज बघ!"

तिच्या लहानपणीच्या मॅग्नेटच्या अक्षरांत, सरळ रेषेत — CROATOAN.

"आजोबा गप्पा मारायला गेले, लाह!" शाळेत उचललेली सिंगापुरी शेपटी जोडत ती म्हणाली. " खाली सगळे अंकल बसतात ना, तिथे!"

धावत खाली गेलो. बिल्डिंगखालच्या दगडी टेबलाशी तीन चिनी आजोबा आणि मधे आमचे बाबा! हे मराठीत, ते त्यांच्या भाषेत, आणि चौघेही पोट धरून हसतायत.

"या सूनबाई! यांची सूनसुद्धा यांना अळणी जेवण घालते!"

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तोंडावरून!"

मला हसू आवरेना आणि रडूही. "निरोप मात्र झकास ठेवलात हं," मी म्हटलं.

"कसला निरोप? मी फ्रिजला हातसुद्धा लावला नाही."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण घरी आल्यावर सईच म्हणाली, "मम्मी, आपल्या सेटमध्ये प्रत्येक लेटर एकच आहे." आणि फ्रिजवर दोन O, दोन A! दुसरा सेट आमच्याकडे कधीच नव्हता.

तिकिटाचं नाव बाबांनी पुन्हा काढलं नाही, उलट इथे राहायचा पास वाढवून घेतला. ती जास्तीची दोन अक्षरं कुठून आली, ते मात्र आजही कळलेलं नाही. मी एकदा काढून ठेवायला गेले, तर बाबांनी अडवलं.

"राहू द्या. ज्यांची असतील ते येतील न्यायला. आले की खाली पाठवा... एक जागा धरून ठेवतो."