शिऱ्याच्या फोटोखालची लिंक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे — एका बाईला सांगते, हल्ली रोजच सांगते, पण तिच्यापाशी ते टिकत नाही. ते का, ते पुढे येईलच. तेव्हा तुम्हीच पहिले, असं धरून चाला. आणि जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही.

सुरुवात शिऱ्यापासून करते. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, आणि आज तर — आज मला मुद्दाम वेळ लावायचाय.

आठ वर्षांपूर्वी मी तरुण होते. हसू नका, पासष्ट म्हणजे तरुणच. केस काळे करायची, जिने धाडधाड चढायची, आणि आपल्याइतकी हुशार बाई डोंबिवली पूर्वेला नाही, पश्चिमेला तर नाहीच नाही, अशी माझी ठाम समजूत होती. आज ती बाई समोर आली तर तिचा कान पिरगाळावा असं फार वाटतं. पण मी हात उचलायच्या आत तीच मला चार गोष्टी ऐकवेल. तशीच होती ती.

माझी नात सई तेव्हा दहावीत होती. तिने माझ्या फोनवर एक नवं प्रकरण टाकून दिलं. फोटो पाठवायचा, समोरच्याने बघितला की तो नाहीसा.

“नाहीसा म्हणजे? जातो कुठे?”

“कुठे नाही गं आजी. संपतो.”

संपतो! ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवतात, जिथे लग्नाच्या आहेराचे कागदसुद्धा गादीखाली इस्त्री होत पडलेले असतात, तिथे एखादी वस्तू चक्क संपते? मी चकित झाले. पण खरी गंमत पुढेच होती. मी शिरा केला होता. सईने बशीचा फोटो काढला, त्यावर काहीतरी चिकटवलं आणि म्हणाली, “आता बोट लाव.” मी लावलं — आणि शिऱ्यातून एक घर उघडलं. खरंच सांगते. कुठल्या गावची कोण बाई, तिचा ओटा, तिची कढई, आणि ती माझ्याशी बोलायला लागली! लिंक म्हणतात त्याला, सई म्हणाली. मी फोनला हात जोडले. सई सोफ्यावर लोळून लोळून हसली, पण मला ते हसण्यावारी नेण्यासारखं वाटेना. दहा सेकंद जगणाऱ्या फोटोला दार? आणि दारापलीकडे नांदतं घर?

त्यातून मी एक समजूत करून घेतली. फोटो गेला की दार गेलं, दार गेलं की पलीकडचं घरही गेलं. सईने असं सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नाही. हुशार माणसाला विचारायची लाज वाटते ना!

आता शालनबद्दल सांगते. म्हणजे मुद्द्याच्या जरा जवळ येते.

शालन शेजारच्या कोपरला राहते. चाळीस वर्षांची मैत्री. आमचं मंगळागौरीचं मंडळ होतं — बारा बायका, श्रावणात लोक आम्हाला बोलवायचे. नव्या नवरीची मंगळागौर असली की आम्ही नऊवारी नेसून जायचो. झिम्मा, फुगड्या, गाणी, दोन अडीच तासांचा कार्यक्रम. ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे हॉल आम्ही दणाणून सोडलेत. गाणं शालन सांगायची. ती ओळ टाकणार, आम्ही झेलणार. माझी जागा तिच्या उजव्या खांद्यामागे. ओळ पहिली झेलायची ती मी, आणि शालन कुठे अडली तर हळूच शब्द द्यायचा तोही मी. हे लक्षात ठेवा. माझं कामच ते होतं.

मला तिची जागा हवी होती. झालं, बोलले एकदाचं. पंधरा वर्षं मी तिच्या अंबाड्याकडे बघत गायले आणि पंधरा वर्षं मनात म्हणत होते, माझा आवाज काय कमी आहे?

मंडळाचं खातं शालनची सून ऋचा सांभाळायची. तालमीचे व्हिडिओ तीच काढायची, तीच चढवायची, म्हणजे घरी बसून आम्हाला आमच्या चुका बघता याव्यात. त्याच खात्यावरून ते नाहीसे होणारे फोटोही जायचे, ‘उद्या चार वाजता, हिरव्या साड्या’ वगैरे. खातं पहिल्यांदा उघडलं ते सईने, माझ्या फोनवर. त्यामुळे ते माझ्याही फोनवरून चालायचं. हे सई सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. “मला मेलीला फोन उचलता येतो तेच खूप,” असं मी चारचौघींत म्हणायची. का म्हणायची? माहीत नाही. तेव्हा नुसतं गमतीला म्हणत असेन.

तालीम एका डान्स क्लासात व्हायची. मुलांसाठी एका भिंतीला आरसाच आरसा. त्या दिवशी कारखान्यांकडून वास येत होता म्हणून खिडक्या लावलेल्या, सगळ्या घामाघूम. ऋचा दारापाशी, फोन हातात, नेहमीसारखी. शालनने स्वतः रचलेलं गाणं होतं, आईची पेटी उघडायची आणि एकेक वस्तू काढायची. पेटीत काय गं? फणी गं. पेटीत काय गं? करंडा गं. पेटीत काय गं —

आणि शालन थांबली.

पुढचा शब्द अडकित्ता. तिने स्वतः घातलेला, बायकांना हसवायला. तो माझ्या ओठांवर होता. मी दिला नाही.

इतकंच नाही. आदल्या दोन तालमींना ती अशीच अडखळली होती, म्हणून त्या दिवशी मी माझा फोन पदराआड तयारच ठेवला होता. कळतंय ना तुम्हाला? एक बाई शब्दासाठी तिष्ठत होती आणि ज्या बाईकडे शब्द होता ती तिचा व्हिडिओ काढत होती.

घरी आले. व्हिडिओ मंडळाच्या खात्यावर चढवला. ती अडते तिथवर बघून घेतला, पुढे बघायची गरज वाटली नाही. नैवेद्याच्या शिऱ्याचा फोटो काढला, त्याखाली लिंक लावली, वर लिहिलं, ‘आजचा शिरा, चाखून बघा.’ त्याच खात्यावरून, शालनला वगळून सगळ्यांना धाडला. दहा सेकंदांची थट्टा. दहाजणी हसतील, शिरा नाहीसा होईल, आणि पुढच्या वेळी गाणं कुणी सांगायचं हा प्रश्न निघाला की त्यांना काहीतरी अंधुक आठवेल. केवढी हुशार बाई!

शिरा शहाण्यासारखा नाहीसा झाला. लिंक राहिली. बायकांनी ती उचलून भिशीच्या ग्रुपवर टाकली, तिथून सोसायटीच्या, तिथून शालनच्या ठाण्याच्या भावजयीकडे. तिसऱ्या दिवशी शालनच्या मुलाने आईला विचारलं, हे काय आहे?

खातं कुणाचं? ऋचा सांभाळते. व्हिडिओ कोण काढतं? ऋचा. ती दोनदा म्हणाली, मी नाही टाकला. मग अजून कुणी टाकला? त्याच संध्याकाळी तिने तो व्हिडिओ सगळ्यांसाठी बंद करून टाकला, तर तोही पुरावाच ठरला. बघा, पटकन काढून टाकला!

मी डबा घेऊन शालनकडे गेले. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसलेली. म्हणाली, “विजे, माझ्या घरातलीच निघाली गं.”

आणि मी — इथपर्यंत यायलाच इतका वेळ लावला — मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “आजकालच्या मुली, शालन. त्यांना कशाचं काय वाटतं?”

हे ते वाक्य. व्हिडिओ काढला तो मत्सर होता, पाठवला तो बावळटपणा होता. हे वाक्य मात्र मी शुद्धीवर असताना, विचार करून, गोड आवाजात बोलले. स्वयंपाकघराच्या दारात ऋचा उभी होती. सव्वीस वर्षांची पोर. तिने माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाली, “मावशी, तुमच्या चहात साखर किती?”

मी म्हणाले, दीड चमचा.

शालन मंडळात परत आली नाही. त्या श्रावणात ठाण्याच्या हॉलमध्ये गाणं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. व्हिडिओ कुणी काढला याची चर्चा वर्षभर पुरली. पण स्वतः रचलेल्या गाण्यातला शब्द शालन विसरलीच कशी, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. ते दोन वर्षांनी डॉक्टरांनी विचारलं, तोवर ती गॅस बंद करायला विसरू लागली होती.

आता तिला वार कळत नाही. मुलाला कधी कधी भाऊ समजते. मला बहुधा ‘विजे’ म्हणते. पण एक गोष्ट गेलेली नाही. ऋचा समोर आली की तिच्याकडे बोट दाखवून म्हणते, “हिने माझा व्हिडिओ काढला.” कसला, कधी, काही आठवत नाही. चित्र केव्हाच पुसलंय. तेवढं दार शाबूत आहे, सून दिसली की उघडतं. आणि ते ऐकत ऋचा तिला भरवते, वेणी घालते, नखं काढते. हा आळ ऐकतेय त्याला आठ वर्षं झाली.

मागच्या महिन्यात मी तिथे बसले होते. मंडळाचे जुने व्हिडिओ ऋचा टीव्हीवर लावते, शालनला आवडतात. एकामागून एक लागत होते. आणि मग — फणी गं, करंडा गं.

पडद्यावरची शालन अडली. मी कधी बघितला नव्हता तो पुढचा भाग सुरू झाला. थांबलेल्या शालनने मान वर केली आणि आरशातून मागे पाहिलं. माझ्याकडे. शब्द दे, म्हणून. आणि त्या आरशात, तिच्या खांद्यामागे, मी! पदर, पदराआडून डोकावणारा फोन, आणि हसू दाबायला घट्ट मिटलेले ओठ. इतकं स्पष्ट, की तेव्हाचे कानातले कुठले तेही ओळखू यावेत.

म्हणजे ते सगळं तिथेच होतं. ती अडते तिथवर बघून लोकांनी पुढे धाडलं, म्हणून कुणाला दिसलं नाही. मलाही नाही. शेवटपर्यंत बघितला असेल तर एकीनेच.

“ऋचा, तू हे कधी —”

“त्याच संध्याकाळी, मावशी.” ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मग बोलली का नाहीस?”

“दाखवायलाच निघाले होते. तेवढ्यात तुम्ही डबा घेऊन आलात. त्या दिवसांत मंडळातलं दुसरं कुणी फिरकलं नव्हतं. आई तुमच्याशी दोन शब्द बोलल्या, चार घास जेवल्या.” तिने शालनचं पोलकं झटकलं. “माझ्यावर रागावल्या तरी मी इथेच राहणार होते. तुमच्यावर रागावल्या असत्या तर त्यांच्याकडे यायला कोण उरलं असतं?”

ती पुढे म्हणाली, “राग आला होता हां. अजून येतो. चहा टाकू?”

व्हिडिओ तिने मुद्दाम लावला की आपोआप लागला, हे मी अजून विचारलेलं नाही.

सईसमोर मी फोनला हात जोडले होते, आठवतं? इथे हातच उचलेनात. फोटो नाहीसे होतात, शिऱ्यातून घरं उघडतात, हे मी पाहिलंय आणि त्याची मला सवयही झाली. पण हातात पुरावा असताना एका मुलीने रोज एक खोटा आळ ऐकायचा आणि ज्या बाईने तो आणला तिला दीड चमचा साखर घालून चहा द्यायचा — हे माझ्या डोक्यात अजून मावत नाही. मी त्र्याहत्तर वर्षं जगले, एवढं मोठं काही जवळून पाहिलं नव्हतं. आणि ते दोन खोल्यांच्या घरात, माझ्यासमोर, घड्या घालत बसलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शालनला सगळं सांगितलं. तिचे दोन्ही हात धरून, शिऱ्यापासून. ती लक्ष देऊन ऐकत होती, मध्ये एकदा तिने भुवया आवळल्या. संपल्यावर हात सोडवून घेतले. तिला व्हिडिओचं काही वाटलं नाही. एवढंच म्हणाली, “विजे, मग शब्द का नाही दिलास?”

थोड्या वेळाने ऋचा चहा घेऊन आली. शालनने बोट उचललं. “हिने माझा व्हिडिओ काढला.”

एकदा उघडून पाहिलं, नाहीसं झालं. मी म्हणाले, “नाही गं शालन, मी काढला,” आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

तेव्हापासून रोज जाते. रोज सांगते. रोज ती पहिल्यांदाच ऐकते, रोज हात सोडवून घेते, रोज तेच विचारते. काल मी सांगायला लागले तेव्हा आत मिक्सर चालू होता. ऋचाने तो बंद केला.

उद्या सकाळी दहाला पुन्हा जायचंय.