बाहेरची डिस्क

अनगोळच्या घरात अण्णांचा लॅपटॉप अजून त्यांच्याच टेबलावर आहे. वर्षश्राद्ध होईपर्यंत गेलेल्या माणसाच्या वस्तूची जागा बदलायची नाही आणि ती खोलून बघायची नाही, असा आमच्या घरचा रिवाज. चष्मा खिडकीत होता तो खिडकीतच राहिला. लॅपटॉपच्या बाबतीत मात्र वहिनींनी एक मुभा घेतली होती. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून झाला की त्या तो सुरू करायच्या.

कारण तो बोलायचा. अण्णा माझे थोरले भाऊ. कन्नड कागदपत्रांची मराठी भाषांतरे करून देणे हा त्यांचा व्यवसाय. ते कामाला बसले की वहिनींना नेमके काहीतरी आठवायचे, आणि हाकेवर हाक सुरू व्हायची. म्हणून अण्णांनी एकदा थट्टेने यंत्र सुरू होताना वाजणाऱ्या सुरावटीच्या जागी स्वतःचा आवाज बसवला. पडदा उजळला की अण्णा म्हणत, "बसलो गं कामाला. आता हाक मारू नको." स्वयंपाकघरातून वहिनी म्हणत, "न्हाय मारत. बसा."

अण्णा गेल्यानंतरही हे रोज चालू राहिले. दोन्ही बाजूंनी. एका संध्याकाळी मी तिथे होतो. वहिनींनी इतक्या सहज उत्तर दिले, की मला प्यायला पाणी हवे होते ते मागण्याचे धैर्य मला झाले नाही.

उन्हाळ्यात माझा स्वतःचा संगणक बंद पडला. मी महाविद्यालयात शिकवतो, टिळकवाडीत फ्लॅटमध्ये राहतो. निकालाचे काम तातडीचे होते, आणि ते अण्णांच्या जुन्या विंडोजवर चालणारे नव्हते. वहिनी म्हणाल्या, "हितं बसून करा की. फक्त त्यांचं काय पुसू नका, भावजी."

मी निपाणीच्या मित्राला विचारले. आम्ही एका बाकावर शिकलो. तो तिथे संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याने सुचवलेला मार्ग मला फार सभ्य वाटला. बाहेरून जोडायची एक डिस्क आणायची, जुन्या विंडोजऐवजी चालणारी नवी यंत्रणा सगळी तिच्यावर उतरवायची. डिस्क जोडली की यंत्र माझे. काढली की पुन्हा अण्णांचे. त्याने एकच गोष्ट बजावून सांगितली होती : "आधी आतली डिस्क काढून बाजूला ठेव. खालचे दोन स्क्रू हायत. मग कायबी चुकलं तरी तिला धक्का न्हाय."

ते स्क्रू मी काढले नाहीत. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला होता. पण अण्णांची वस्तू वर्षाच्या आत खोलायची, हे हाताला पटेना. अण्णांचा मान राखतो आहोत या समाधानात मी तो परत खणात ठेवला. आज विचार करतो तेव्हा दिसते, की त्या समाधानात थोडा आळसही होता, आणि थोडी फुशारकी.

वहिनी जांबोटीला माहेरी गेल्या होत्या, त्या दोन दिवसांनी येणार होत्या. दुपारी मी काम उरकले. यंत्रणा कुठे उतरवायची ते विचारले गेले, तेव्हा मी बाहेरची डिस्क अचूक निवडली. पण सुरुवातीचा तो छोटासा भाग, जो यंत्र चालू होताच आधी जागा होतो आणि पुढे कुठे जायचे ते दाखवतो, तो कुठे ठेवायचा याचे उत्तर पडद्यावर आधीच भरलेले होते. ते मी वाचलेच नाही. तो आतल्या डिस्कवर गेला, अण्णांच्या उंबरठ्यावर.

नवी यंत्रणा छान सुरू झाली. मी खूश होऊन डिस्क काढली आणि अण्णांचे यंत्र त्यांना परत द्यावे म्हणून बटण दाबले. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली : असा कोणताही भाग सापडत नाही. तिच्याखाली चौकोनी खूण लुकलुकत राहिली. मी बंद करून पुन्हा लावले. तीच ओळ. सुरुवातीच्या निळ्या पानावर जाऊन आधी कोणती डिस्क वाचायची तो क्रम बदलून पाहिला. तीच ओळ. बाहेरची डिस्क जोडली तर नवी यंत्रणा यायची, निमूट, एक शब्द न बोलता.

मित्राला फोन केला.

"आतली काढलीवती का?" त्याने पहिलेच विचारले.

"नाही."

"का रं?"

मी रिवाज सांगितला. तो म्हणाला, "प्रोफेसर, तुझ्यासारखं गिऱ्हाईक रोज एक मिळालं तर मी निपाणीत बंगला बांधीन." मग आवाज उतरवून म्हणाला, "घाबरू नको. आतलं सगळं जिथल्या तिथं हाय. दारात तू दुसऱ्याच घराचा वाटाड्या उभा केलाईस. ते घर तुझ्या पिशवीत. त्यो तरी कुठली वाट दाखवणार? दुरुस्तीचा पेनड्राइव्ह करून उद्या सकाळच्या गाडीनं पाठवतो, कंडक्टरजवळ. स्टँडवर जाऊन घे."

फोन ठेवल्यावर मी बाहेरची डिस्क पुन्हा जोडली. नव्या यंत्रणेतून आतली डिस्क दिसत होती. अण्णांची भाषांतरे, त्यांचे फोटो, सगळे शाबूत होते. शोधता शोधता ती आवाजाची फाइलही सापडली. मी ती वाजवली. "बसलो गं कामाला. आता हाक मारू नको." पुन्हा वाजवली. मग पुन्हा. दुपारच्या उजेडात, वहिनी घरात नसताना, त्यांच्यासाठी ठेवलेला तो आवाज मी माझ्या बोटाने हवा तेव्हा उठवत होतो. शेवटी अण्णांच्या बोलण्याआधीचा त्यांचा श्वास मला वेगळा ऐकू येऊ लागला, आणि मी हात मागे घेतला. बाहेरची डिस्क पिशवीत घालून मी घराला कुलूप लावले. वहिनींना कळवले नाही. उद्या सारे पूर्ववत होईल, मग सांगायचे कशाला, असा माझा हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरून पेनड्राइव्ह घेऊन अनगोळला पोहोचलो, तर दार उघडे होते. वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"तुम्ही उद्या येणार होता ना?"

"काल सांजचीच आले. तिकडं वळवाचा लई पाऊस. त्यात भावाची सून दिवसभर टीव्ही लावून बसती, डोस्कं उठलं." सूप झटकत त्या म्हणाल्या, "मशिनला काय झालंय, भावजी? काळं पडलंय."

मी उभ्यानेच सगळे सांगितले. स्क्रू, न वाचलेला प्रश्न, पिशवीतली डिस्क. फाइल वाजवल्याचेही सांगितले. ते सांगताना माझा आवाज फार बारीक झाला होता. "आवाज गेलेला नाही, वहिनी. आत्ता दुरुस्त करतो. माझं चुकलं."

त्यांनी सूप खाली ठेवले.

"काल दिवा लावला न् बटण दाबलं. कोण बोललंच न्हाय. रोजच्यासारखी आत गेले न् थांबले. म्हटलं, आता म्हणतील. मग आता म्हणतील." त्या तांदळातला एक खडा बोटाने सरकवत राहिल्या. "मग मी हाक मारली. ते गेल्यापासनं मारलीच नव्हती बघा. रोज नको म्हणायचे, तर कशी मारू? काल मारली. शेजारची आक्का पळत आली."

अण्णा गेले त्या दिवशीही वहिनी मोठ्याने रडल्या नव्हत्या. धीराची बाई, असे आम्ही सगळे म्हणालो होतो. मीही म्हणालो होतो.

"मग दुरुस्त करू ना?" मी विचारले.

"करा. पण आज नको."

मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला. पुढचे काही दिवस मी येऊन बाहेरच्या डिस्कवर माझे काम करत राहिलो, आणि दिवेलागणीच्या आत निघून जात राहिलो. माझ्या पाठीमागे, दिवा लागल्यावर, त्या घरात हाक जात असेल हे मला ठाऊक होते.

मग एका संध्याकाळी वहिनीच म्हणाल्या, "लावा आता." मी पेनड्राइव्ह लावून मित्राने सांगितलेली आज्ञा लिहिली, यंत्र बंद केले, पेनड्राइव्ह आणि बाहेरची डिस्क काढली आणि बटण दाबले. पडदा उजळला. अण्णा रोज म्हणायचे तेच म्हणाले.

स्वयंपाकघरातून उत्तर आले नाही. वहिनी पदराला हात पुसत दारात आल्या आणि टेबलाकडे बघून म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बसा. मी मारणार हाक."

आणि त्यांनी मारली. "अवो!" पहिली साधीच, जेवायला बोलावताना मारावी तशी. दुसरी परसदारापर्यंत गेली. मी अण्णांच्या खुर्चीत बसलो होतो; नकळत उठून उभा राहिलो. त्या हाकेला कुणीतरी ओ द्यायला हवी होती, आणि त्या खोलीत मी एकटाच होतो. ओ माझ्या ओठांपर्यंत आली. ती मी दिली नाही. अण्णांच्या जागी परवानगीवाचून मी एकदा परका वाटाड्या उभा केला होता, तेच पुष्कळ होते.