नाना, जावई आणि कॅम्परव्हॅन: ब्रिस्बेन ते केर्न्स

ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅन घेऊन फिरायची कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे काही झालं त्याचं खापर माझ्याच डोक्यावर फुटलं. नवरा हेमंत लगेच तयार झाला, पण माझे वडील, सावद्याचे नाना, येतील असं वाटलं नव्हतं. भुसावळच्या पुढे मुक्काम म्हटला की त्यांना घाम फुटतो. त्यांनी एवढंच विचारलं, तिथे केळी होते का? होते म्हटल्यावर पासपोर्टच्या फोटोला इस्त्रीचा सदरा घालून बसले.

कारण होतं. मागच्या वर्षी त्यांच्या बागेत मर रोग शिरला आणि उभा जन्म केळी काढलेल्या माणसाला अर्धी बाग उपटावी लागली. नदीकडचा दुसरा तुकडा चांगला होता, पण तिथे पुन्हा केळी लावायची की केळीचं नावच सोडायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. तिकडचे लोक या रोगाचं काय करतात ते मळ्यात फिरून बघायचं आणि मग ठरवायचं, असा त्यांचा बेत. आईने गुडघ्यांचं कारण सांगून सुटका करून घेतली. शहाणी बाई!

ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनला उतरलो. खाण्याची पुडी न् पुडी विमानतळावर जाहीर केली, म्हणून भाकरीसाठी नेलेलं कळण्याचं पीठ आणि शेव दोन्ही सुखरूप सुटली. तुम्हीही तसंच करा, लपवाछपवी नको. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे हेमंत खुशीत होता. व्हॅनची उंची मात्र तो दर तासाला विसरायचा. पहिल्याच पेट्रोल पंपावर छपराला घासता घासता वाचलो. तेव्हापासून मी खिडकीतून मान बाहेर काढून एसटीच्या कंडक्टरसारखी 'चल, चल, थांब' करत होते. विमा घेताना काटकसर करू नका.

जाहिरातीत व्हॅन ऐसपैस दिसते. प्रत्यक्षात रात्री जेवणाचं टेबल खाली पाडून त्याची गादी करायची आणि सकाळी गादीचं पुन्हा टेबल. नाना पहाटे उठणार, म्हणजे गादी मोडणार, म्हणजे आम्ही उठणार. एकाने कूस बदलली की तिघं हलायचो. पहिल्या दिवशी नानांनी अंघोळीत टाकीतलं सगळं पाणी संपवलं आणि अंगाला साबण तसाच असताना आतून मला हाक मारली. प्यायच्या पाण्याच्या बाटल्या ओतून त्यांना बाहेर काढलं.

पण खरा पेच संडासाचा. व्हॅनमधल्या संडासाखाली एक डबा असतो, तो भरला की ठरलेल्या जागी नेऊन आपणच रिकामा करायचा. हेमंत हातमोजे चढवून तयार होता. नानांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला. अधिकमासात याच जावयाला पाटावर बसवून त्यांनी चांदीच्या ताटात अनारसे वाढले होते.

"जावयाच्या हातून हे काम? मी नही जात त्या खोक्यात."

झालं. तिथून पुढे आमचा रस्ता समुद्रकिनाऱ्यांवरून नाही, सार्वजनिक संडासांवरून ठरू लागला. ते तिकडे सगळीकडे आहेत आणि आपल्या बैठकीच्या खोलीइतके स्वच्छ आहेत, म्हणून निभावलं. शेवटी एका पहाटे नाना दिसेनात. शोधतो तर लांब हातमोजे घालून, तो डबा धुऊन, विजयी चेहऱ्याने परत येत होते. मग ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही, आणि संडासही वापरू लागले.

रोज तीनेकशे किलोमीटर पुरे. अंधार पडल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून संध्याकाळच्या आत कॅम्प गाठायचा. वीज-पाण्याच्या जागेला पन्नासेक डॉलर पडतात. फुकटच्या जागाही आहेत, पण नाना बरोबर असतील तर पाणी बघा.

केर्न्सच्या अलीकडे, टुली गावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. नानांनी गाडी थांबवायला लावली आणि दार उघडून तरातरा मळ्याकडे निघाले. आपल्याकडे कोण विचारतं? रस्ता पुसायला आलेल्या माणसालाही नाना बाग फिरवून, वर केळ्यांची फणी हातात देऊन पाठवतात. इथे मात्र बंद फाटक, त्यावर मनाईची पाटी, आणि आतून मोटारसायकलवर आलेली साठीची मालकीण. हात वर करून तिने नानांना फाटकाशीच थांबवलं.

"सांग तिले, माही बी केयी हाये. दोन झाडं पाहतो आन निघतो."

यांचीही केळीची बाग आहे, मी सांगितलं. ती हसली, पण फाटक उघडलं नाही. म्हणाली, मर रोग बुटाच्या मातीतून येतो, माझी सख्खी बहीणसुद्धा इथेच थांबते. नानांची मान खाली गेली. इतक्या लांब येऊन दारातून परत! मला त्या बाईचा संताप आला आणि मी तो लपवलाही नाही.

नानांनी स्वतःच्या चपलांकडे बघितलं. मग आपण होऊन दोन पावलं मागे सरकले आणि तिथूनच तिला रोपं, पाणी, माती सगळं विचारू लागले. मी मध्ये दुभाषी. उन्हात तासभर दोघं बोलले. व्हॅनमध्ये बसल्यावर मी बाईला नावं ठेवायला लागले, तर त्यांनी मला गप्प केलं.

"बरोबर हाये तिचं. मी आल्या-गेल्याले वावरात फिरवलं, आन कोनाच्या पायानं काय आलं ते पाह्यलंच नही."

केर्न्सला व्हॅन परत दिली आणि घरी आलो. त्या प्रवासातलं काय उरलं म्हणाल, तर समुद्राचे फोटो अजून मोबाइलमध्येच पडून आहेत.

दिवाळीनंतर सावद्याला गेले. नदीकडच्या तुकड्याला तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, आत गुडघाभर केळी. मी धावतच निघाले, तर आतून नानांचा आवाज आला.

"तठीच थांब, बाई."

मला, त्यांच्या पोटच्या पोरीला! व्यापारी, भाऊबंद, सगळे चिडलेत, आई म्हणाली. पण फाटकाबाहेर लिंबाखाली चार खुर्च्या मांडलेल्या होत्या. नाना चुन्याच्या पाण्यात पाय धुऊन बाहेर आले, माझ्या शेजारी बसले, आणि तारेतून बोट दाखवत एकेका रोपाची ओळख करून द्यावी तसं मला सगळं सांगत राहिले. मला फार आनंद झाला. चहा येईपर्यंत आम्ही तिथेच बसून केळी बघत होतो.