दफनाचं गीत

साताऱ्याच्या चर्चच्या बँडमध्ये मी पेटी वाजवायचो आणि एक वयस्कर वादक क्लॅरिनेट. त्याला नोटेशन येत नसे. मी नवं गीत वाजवलं की तो डोळे मिटून गुडघ्यावर बोटं चालवायचा. "पुन्यांदा, मास्तर. कानात बसलं न्हाई."

लढाईच्या दिवसांत एका शनिवारी तो म्हणाला, "दफनाचं गीत शिकवा."

"कोण गेलं?"

"माजं फौजेतलं पोरगं. ब्रह्मदेशात. तार आली. तिकडंच पुरलं आसंल. वाजवाया कुनी हुतं का, कुनास ठावं."

दोन तास मी तेच गीत वाजवत राहिलो. रविवारी उपासनेनंतर तो एकटाच कबरस्तानात गेला आणि एका मोकळ्या जागेसमोर उभा राहून वाजवू लागला. दुसऱ्या कडव्यात सूर चुकला. तो थांबला आणि त्यानं गीत पहिल्यापासून सुरू केलं. मी त्याच्या मागं फाटकापर्यंत आलो होतो, पण मला आत पाऊल टाकवेना.