पांढरे ठिपके

देवपूरच्या त्या तपासणी केंद्रात मॅमोग्राफी झाल्यावर आम्हा दोघींना बाकावर बसवून ठेवलं होतं. फोटो नीट आलेत का ते पाहून मग सोडतात. शेजारी बसलेल्या अक्का नरडाण्याकडच्या खेड्यातल्या. नऊवारीवर केंद्राचा निळा गाऊन, डोक्यावर पदर तरीही घेतलेला, आणि एक हात सारखा गाऊनच्या नाडीवर.

सिस्टर दारात आली. "आजी, परत आत या. फोटोत बारीक पांढरे ठिपके आलेत."

अक्कांनी माझं मनगट धरलं. मीच ते सोडवून त्यांना आत पाठवलं.

बाहेर आल्या त्या हसतच. हातात ओला रुमाल होता.

"पावडर व्हती, माय. दवाखानामा जानं शे म्हनीसन काखमा लायी व्हती. पुसी टाकी, बठ्ठा ठिपका गयात."

त्यांची बसची वेळ झाली होती, तरी त्या माझ्यासाठी थांबल्या. थोड्या वेळानं सिस्टरनं मलाही हाक मारली. "ताई, तुमचा एक फोटो परत घ्यावा लागेल. तसेच ठिपके दिसतायत."

अक्कांनी रुमालाची स्वच्छ बाजू वर केली आणि माझ्या हातात दिला.

"भ्याऊ नको. तुनी बी पावडरच व्हई. पुसी ले."

मी पावडर कधी लावतच नाही. तरी गाऊनच्या आत हात घालून मी पुसत राहिले.